चुंबकीय क्षेत्र लावल्यावर कणांचा पलायन-दर जुळत नसेल तर : समस्या निवारण

ऊर्जेच्या खळग्यात अडकलेला विद्युतभारित कण भोवतालच्या माध्यमाचे घर्षण आणि औष्णिक धक्के सोसत राहतो आणि कधीतरी अडथळ्याचा माथा ओलांडून पलीकडे जातो. या घटनेचे सिम्युलेशन बहुतेकांना जमते, आणि क्षेत्र शून्य असताना मिळालेला पलायन-दर (एकक काळात कण पलीकडे जाण्याची संभाव्यता) तो दर काढण्याच्या क्रॅमर्सच्या सूत्राशी समाधानकारक जुळतोही. त्याच प्रोग्रॅममध्ये चुंबकीय क्षेत्राची एक ओळ वाढवली की मात्र अडचणी सुरू होतात. कोणाचा दर क्षेत्राबरोबर झपाट्याने वाढत जातो, कोणाचा क्षेत्र कितीही वाढवले तरी तसूभरही हलत नाही, तर कोणाचा दर घटतो खरा, पण सूत्राने सांगितलेल्या प्रमाणात घटत नाही. या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांच्या मुळाशी असलेली कारणे मोजकीच आहेत आणि ती ठरावीक क्रमाने तपासली तर दोष सापडतो.

या लेखात अभिजात यांत्रिकीचे पालन करणारा कण, एकसमान आणि कालानुसार न बदलणारे क्षेत्र, आणि औष्णिक ऊर्जेच्या (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान) किमान पाच-सहा पट उंचीचा अडथळा गृहीत धरला आहे. अडथळा त्याहून ठेंगणा असेल तर ‘दर’ ही कल्पनाच सैल होते आणि सूत्राशी तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

क्षेत्रामुळे काय बदलूच शकत नाही

चुंबकीय बल नेहमी वेगाला लंब असते, म्हणून ते कणावर कार्य करत नाही आणि त्याच्या गतिज ऊर्जेत भर घालत नाही की घट करत नाही. याचा एक दूरगामी परिणाम नील्स बोर यांनी १९११ च्या प्रबंधात आणि हेंड्रिका फान लेउवेन यांनी १९१९ च्या प्रबंधात स्वतंत्रपणे दाखवला : अभिजात कणांच्या औष्णिक समतोलातील वितरणावर चुंबकीय क्षेत्राचा काहीही परिणाम होत नाही. कण कुठे किती वेळा सापडेल आणि त्याचा वेग किती असेल, या दोन्हींची संभाव्यता क्षेत्राविना जशी होती तशीच क्षेत्रातही राहते. अडथळ्याच्या माथ्यापाशी कण सापडण्याची संभाव्यता अडथळ्याची उंची आणि तापमान यांवरच ठरते. त्यामुळे पलायन-दरातला घातांकी गुणक (e चा ‘ऋण अडथळ्याची उंची भागिले औष्णिक ऊर्जा’ इतका घात), म्हणजे दराचा सर्वांत संवेदनशील भाग, क्षेत्राने बदलू शकत नाही.

सर्वप्रथम करायची तपासणी यातूनच मिळते, आणि माझ्या मते इतर कोणत्याही तपासणीपेक्षा ती अधिक उपयोगी आहे. तीन-चार तापमानांना दर मोजावा, दराचा नैसर्गिक लॉगॅरिदम तापमानाच्या व्यस्तासमोर मांडावा, आणि हाच आलेख एकदा क्षेत्र शून्य ठेवून व एकदा क्षेत्र लावून काढावा. दोन्ही रेषा समांतर आल्या पाहिजेत. क्षेत्र लावलेली रेषा वर किंवा खाली सरकलेली असेल तर ते भौतिकशास्त्र असू शकते. तिचा उतारच ठळकपणे बदलला असेल तर प्रोग्रॅममधला किंवा प्रतिमानातला दोष शोधावा, कारण कणाचे प्रत्यक्ष तापमान किंवा अडथळ्याची प्रत्यक्ष उंची नकळत बदलली गेली आहे.

अडथळ्याची उंची नकळत बदलण्याचा एक नेहमीचा मार्ग कागदावरच्या गणितात असतो. हॅमिल्टोनियन (एकूण ऊर्जेचे सूत्र) विहित संवेगाच्या, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग यात क्षेत्राच्या सदिश विभवाचा भाग मिळवून येणाऱ्या संवेगाच्या, भाषेत लिहिले की त्यात क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणातले एक पद दिसते, आणि त्याचा आकार खळग्यासारखा असल्यामुळे ते विभवातच (स्थितिज ऊर्जेतच) मिळवून टाकण्याचा मोह होतो. मग खळग्याची वारंवारता वाढलेली दिसते, अडथळा उंच झालेला दिसतो, आणि दर क्षेत्राबरोबर घातांकी वेगाने घटतो असा निष्कर्ष निघतो. तो निष्कर्ष चुकीचा आहे. संवेगावरील संकलन पूर्ण केले की ते पद नाहीसे होते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्याच वर्गावर ठरते आणि सदिश विभव ही त्या संकलनातली केवळ एक सरक आहे. सूत्रात खळग्याची जी वारंवारता घालायची, ती क्षेत्राविना असलेलीच घालावी.

क्षेत्र कशावर परिणाम करते

घातांकी गुणक स्थिर राहिला तर उरतो तो पूर्वगुणक, म्हणजे त्याला गुणणारा बाकीचा भाग. हेंड्रिक क्रॅमर्स यांनी १९४० मध्ये एका परिमाणासाठी आणि जेम्स लँगर यांनी १९६९ मध्ये अनेक परिमाणांसाठी जे दाखवले, त्याचा इथे लागू पडणारा गाभा असा की माफक ते तीव्र घर्षणात दर एकाच गतिक राशीवर ठरतो : माथ्यावरच्या खोगीर-बिंदूपासून (ओलांडण्याच्या दिशेत सर्वांत उंच, पण आडव्या दिशेत सर्वांत खोल असा बिंदू) जरासा ढळलेला कण किती वेगाने दूर जाऊ लागतो, त्या वाढीच्या दरावर. या वाढीच्या दराला ल म्हणू. घर्षण-दराला ग (घर्षण गुणांक भागिले वस्तुमान), सायक्लोट्रॉन वारंवारतेला च (विद्युतभार गुणिले क्षेत्र भागिले वस्तुमान), माथ्याच्या उलट्या वक्रतेतून येणाऱ्या वारंवारतेला म, आणि माथ्यावरच पण ओलांडण्याच्या दिशेला आडव्या असलेल्या दिशेतील वारंवारतेला अ म्हणू. क्षेत्र या दोन्ही दिशांना लंब असेल, तर ल ची किंमत पुढील समीकरणाचे धन मूळ असते :

(ल × ल + ग × ल − म × म) × (ल × ल + ग × ल + अ × अ) + च × च × ल × ल = ०

पलायन-दर म्हणजे हे मूळ भागिले २π, गुणिले खळग्यातील दोन वारंवारतांचा गुणाकार, भागिले म आणि अ यांचा गुणाकार, आणि शेवटी नेहमीचा घातांकी गुणक. च शून्य केले की पहिला कंस शून्य होतो आणि क्रॅमर्सचे ओळखीचे उत्तर परत मिळते. च शून्याहून वेगळे असेल तर डावीकडे एक धन पद वाढते, म्हणून मूळ नेहमी जुन्या मुळापेक्षा लहान येते. म्हणजेच या घर्षण-पट्ट्यात, ओलांडण्याच्या दिशेला लंब असलेल्या क्षेत्राने दर घटतो, वाढत नाही. क्षेत्राची दिशा उलटी केली तरी समीकरणात च चा वर्गच असल्यामुळे उत्तर तेच राहते.

समीकरणातील अ कडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, आणि निम्म्या तक्रारींचे उत्तर तिथेच आहे. घर्षण तीव्र असताना काय होते ते पाहू. च चे ग शी असलेले गुणोत्तर क मानू. आडव्या दिशेत माथा सपाट असेल, म्हणजे अ शून्य असेल, तर वाढीचा दर ‘१ अधिक क चा वर्ग’ इतक्या पटीने घटतो. क्षेत्राला लंब दिशेतील विसरणाचा (कण यादृच्छिकपणे पसरत जाण्याचा) गुणांक ज्या पटीने घटतो तीच ही पट. अ आणि म समान असतील तर घट केवळ त्या पटीच्या वर्गमुळाइतकी होते. आणि आडव्या दिशेत माथा इतका अरुंद असेल की कणाला बाजूला सरकायला जागाच नाही, तर घट जवळजवळ नाहीशी होते. क = २ घेऊन आकडे काढले तर हे स्पष्ट होते : क्षेत्राविना असलेल्या दराच्या तुलनेत सपाट माथ्याला ०.२, अ आणि म समान असताना ०.४४७, अ दुप्पट असताना ०.६४३, आणि अ दहापट असताना ०.९६३. क्षेत्र तेच, घर्षण तेच, अडथळ्याची उंची तीच, आणि तरी एका मांडणीत दर पाचपट घटतो तर दुसरीत जेमतेम चार टक्के.

याचे कारण असे की क्षेत्र कणाला पुढे जाण्यापासून थेट रोखत नाही. ते त्याची पुढची वाटचाल बाजूला वळवते. बाजूला जाण्याला विभवाचा विरोध असेल, तर तो विरोधच कणाला वळवून पुन्हा पुढच्या दिशेने ढकलतो आणि क्षेत्राने केलेले नुकसान भरून काढतो. विद्युतवाहकांच्या बाबतीत हीच गोष्ट फार पूर्वीपासून माहीत आहे. लांब, अरुंद पट्टीत कडांवर साचणारा भार हॉल विभव (पट्टीच्या आडव्या दिशेतला विभव) निर्माण करतो आणि एकाच प्रकारचे वाहक असलेल्या साध्या प्रतिमानात पट्टीचा रोध क्षेत्राने वाढत नाही. याउलट कॉर्बिनो चकतीत प्रवाह मधून कडेकडे वाहतो, वळलेला प्रवाह गोल फिरत राहतो, त्याला अडवणारी कड नसते, आणि रोध ‘१ अधिक क चा वर्ग’ या पटीने वाढतो. अरुंद माथा हा हॉल पट्टीसारखा आणि सपाट माथा हा कॉर्बिनो चकतीसारखा वागतो. सिम्युलेशनच्या पेटीला आडव्या दिशेत परावर्तक भिंती दिल्या की चक्रीय सीमा दिली (एका बाजूने बाहेर गेलेला कण दुसऱ्या बाजूने आत येतो), यावरून उत्तर का बदलते हेही यातूनच समजते : जवळच्या भिंती बाजूचा प्रवाह अडवतात, चक्रीय सीमा तो मोकळा सोडते. दोन जणांचे आकडे जुळत नसतील तर प्रोग्रॅमची ओळ न् ओळ पडताळण्याआधी दोघांनी आपापल्या सीमा-अटी विचारून घ्याव्यात.

लक्षण पहिले : क्षेत्र वाढवले की दर वाढतो

माफक किंवा तीव्र घर्षणात हे दिसले तर पहिला संशय समीकरण सोडवण्याच्या पद्धतीवर घ्यावा. ऑयलरची साधी पुढे जाणारी पद्धत वेगाला लंब दिशेतले एक छोटे पाऊल सरळ रेषेत टाकते. खरे वळण वर्तुळावरून जाते, पण हे पाऊल स्पर्शरेषेवरून जाते आणि दर कालपायरीला वेगाची लांबी किंचित वाढवते. एका पायरीतली वाढ नगण्य वाटते. तरी ती नेहमी एकाच दिशेने होत असल्यामुळे साचत जाते, आणि घर्षण व यादृच्छिक धक्के यांचा हिशेब मांडला तर गतिज तापमान (कणांच्या गतिज ऊर्जेवरून काढलेले तापमान) स्थिरावते ते खऱ्या तापमानावर नव्हे, तर

खरे तापमान ÷ (१ − (ग × ग + च × च) × कालपायरी ÷ (२ × ग))

या किमतीवर. ग = १, च = ५ आणि कालपायरी ०.०१ घेतली तर कंसातली वजाबाकी ०.८७ येते, म्हणजे तापमान सुमारे १५ टक्के जास्त. अडथळा औष्णिक ऊर्जेच्या ८ पट असेल आणि कणाचे स्थानही याच तापमानाप्रमाणे विखुरले गेले असे मानले, तर घातांक ८ चा ६.९६ होतो आणि दर जवळजवळ २.८ पटीने फुगतो. क्षेत्रामुळे खरोखर होणारी घट या फुगवट्याखाली बुडून जाते आणि ‘क्षेत्राने पलायन सुलभ होते’ असा एक आकर्षक पण खोटा निष्कर्ष हाती येतो. कालपायरी ०.०७७ च्या वर नेली तर तापमान स्थिरावतच नाही. म्हणून लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की क्षेत्र शून्य असताना जी कालपायरी निर्धोक होती, ती क्षेत्र लावल्यावर निर्धोक राहीलच असे नाही, आणि घर्षण जितके कमी तितका हा धोका मोठा.

उपाय दोन. निदानासाठी प्रत्येक चाचणीत वेगाच्या प्रत्येक घटकाच्या वर्गाची सरासरी मोजून ती औष्णिक ऊर्जा भागिले वस्तुमान या अपेक्षित किमतीशी ताडून पाहावी. एक टक्क्याहून जास्त फरक असेल तर दर मोजण्यात वेळ घालवू नये. आणि कायमच्या दुरुस्तीसाठी चुंबकीय वळण स्वतंत्र पायरीत, लांबी न बदलणाऱ्या परिवलनाने करावे. प्लाझ्माच्या सिम्युलेशनसाठी बोरिस यांनी १९७० मध्ये मांडलेली पद्धत हेच करते : विभवाच्या बलाचा अर्धा धक्का, मग क्षेत्राभोवती परिवलन, मग उरलेला अर्धा धक्का. घर्षण आणि यादृच्छिक बल यांची पायरीही अचूक लिहिता येते. वेगाला e च्या ‘ऋण (ग × कालपायरी)’ इतक्या घाताने गुणावे आणि त्यात शून्य सरासरीचा असा यादृच्छिक भाग मिळवावा की ज्याच्या वर्गाची सरासरी औष्णिक ऊर्जा भागिले वस्तुमान, गुणिले (१ वजा त्याच घातांकी गुणकाचा वर्ग) इतकी असेल. घर्षण सर्व दिशांना सारखे असेल तर ही पायरी आणि परिवलन यांचा क्रम बदलला तरी वितरणात फरक पडत नाही. वेलोसिटी व्हर्लेट ही गतीची समीकरणे सोडवण्याची लोकप्रिय पद्धत वापरणाऱ्यांनीही सावध असावे : ती पद्धत स्थानावरच अवलंबून असलेल्या बलासाठी रचली आहे, आणि वेगावर अवलंबून असलेले चुंबकीय बल तिच्यात जुन्या वेगाने घातले की हाच दोष वेगळ्या रूपात परत येतो.

लक्षण दुसरे : क्षेत्र कितीही लावले तरी दर हलत नाही

येथे दोष असेलच असे नाही. प्रथम मांडणी पाहावी. गती एकाच परिमाणात बंदिस्त केली असेल तर चुंबकीय बलाला त्या दिशेने घटकच नसतो आणि परिणाम शून्य येणे हेच बरोबर उत्तर आहे. क्षेत्र ओलांडण्याच्या दिशेला समांतर असेल तरीही ते खोगीर-बिंदूजवळ फक्त दोन आडव्या दिशांना एकमेकींत मिसळते आणि वाढीच्या दराला स्पर्श करत नाही. माथा अरुंद असेल तर काय होते ते वर आलेच आहे.

दुसरी शक्यता क च्या किमतीची. घर्षणाऐवजी गतिशीलता (एकक विद्युतक्षेत्रात कणाला मिळणारा सरासरी वेग) माहीत असेल तर क काढणे अगदी सोपे आहे, कारण क म्हणजे गतिशीलता गुणिले क्षेत्र. पाण्यातील सोडियम आयनाची गतिशीलता प्रति व्होल्ट-सेकंद सुमारे ०.०००००००५ चौरस मीटर असते. १ टेस्ला क्षेत्रात क दोन कोटींत एक भाग इतका येतो आणि दरातली घट त्याच्या वर्गाच्या पातळीची, म्हणजे कोणत्याही मोजमापाच्या पलीकडची. स्थिर क्षेत्राने द्रावणातील आयनांचे अडथळा ओलांडणे या यंत्रणेतून बदलते असे कोणी सांगितले, तर हा एक गुणाकार त्याची शहानिशा करायला पुरेसा आहे. सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉनसाठी, खोलीच्या तापमानाला गतिशीलता त्याच एककात सुमारे ०.१४ असल्यामुळे, त्याच क्षेत्रात घट दोनेक टक्क्यांची असू शकते. इंडियम अँटिमोनाइड या अर्धवाहकात गतिशीलता सुमारे ७ च्या पुढे जाते, क सात-आठच्या घरात पोहोचतो, आणि मोकळ्या मांडणीत ‘१ अधिक क चा वर्ग’ ही पट पन्नासच्या वर जाते. सिम्युलेशनमध्ये मिती नसलेले आकडे वापरताना आपण यांपैकी नक्की कोणत्या परिस्थितीचे चित्र काढत आहोत, हे आधी ठरवून घ्यावे.

तिसरी शक्यता मात्र खऱ्या दोषाची आहे आणि ती मोजणीत असते. कण माथ्याची रेषा किती वेळा ओलांडतो एवढेच मोजले तर मिळणारी संख्या ही समतोलातला एकेरी प्रवाह असते. तो प्रवाह केवळ स्थान आणि वेग यांच्या एकाच क्षणीच्या वितरणावर ठरतो, आणि ते वितरण क्षेत्राने बदलत नाही हे आपण पाहिले. त्यामुळे ओलांडण्यांची मोजणी करणाऱ्याला क्षेत्राचा परिणाम कधीच दिसणार नाही. परिणाम दडलेला असतो तो माघारी येण्यात : क्षेत्रात कण माथ्यावर गिरक्या घेत तीच रेषा पुन्हा पुन्हा ओलांडतो आणि यातल्या बहुतेक ओलांडण्या निष्फळ असतात. ल भागिले म हे गुणोत्तर म्हणजे सफल ओलांडण्यांचा वाटा. म्हणून कणाला ‘सुटला’ असे तेव्हाच म्हणावे, जेव्हा तो माथ्यापासून पुरेसा खाली, पलीकडच्या उतारावर औष्णिक ऊर्जेच्या काही पट खोल गेला असेल. शोषक सीमा नेमकी माथ्यावर ठेवली तर तीव्र घर्षणात क्षेत्राविनाही दर दुप्पट येतो, कारण माथ्यावर पोहोचलेल्या कणांपैकी निम्मे परत फिरणारे असतात.

लक्षण तिसरे : तीव्र घर्षणाच्या समीकरणात उत्तर विपरीत येते

वेग वगळून केवळ स्थानाचे समीकरण वापरणाऱ्यांच्या दोन चुका ठरलेल्या आहेत. काही जण वेगच नाही म्हणून चुंबकीय बलही सोडून देतात आणि मग परिणाम शून्य येतो. दुसरे बल ठेवतात, घर्षणाच्या जागी योग्य मॅट्रिक्स घालून तिचा व्यस्त घेतात, त्यामुळे विभवाच्या उतारावरची सरक ‘१ अधिक क चा वर्ग’ या पटीने बरोबर कमी होते. पण यादृच्छिक धक्क्यांची तीव्रता जुनीच ठेवतात. सरक आणि विसरण यांचे गुणोत्तर म्हणजेच तापमान, त्यामुळे येथे परिणामी तापमान नेमके त्याच पटीने वाढते. क = १ असताना तापमान दुप्पट होते आणि औष्णिक ऊर्जेच्या ८ पट असलेला अडथळा कणाला ४ पट इतकाच जाणवतो. समांतर रेषांची वरची तपासणी हा दोष तत्काळ उघडा पाडते, कारण उतार सरळ अर्धा होतो. दुरुस्तीही सोपी आहे : यादृच्छिक धक्क्यांचा विसरण-गुणांकही त्याच पटीने कमी करावा. चुंबकीय क्षेत्रातील ब्राउनीय गतीसाठी हा घटलेला गुणांक टेलर यांनी १९६१ मध्ये आणि कुर्शुनोग्लू यांनी १९६२ मध्ये काढला होता.

क्षेत्र जागोजागी वेगळे असेल तर मात्र एवढ्याने भागत नाही. वस्तुमान शून्याकडे नेताना क्षेत्राच्या बदलातून एक अतिरिक्त सरक-पद उरते आणि ते वगळले तर बोल्ट्झमन वितरणच (औष्णिक समतोलातले वितरण) बिघडते. या पदात विसरणाच्या घटीबरोबरच बाजूला वळवणाऱ्या, प्रतिसममित भागाच्या उतारालाही जागा द्यावी लागते. असमान क्षेत्रात काम करणाऱ्यांना माझा सल्ला असा की स्थानाचे समीकरण सोडून वेगासह पूर्ण समीकरण सोडवावे. संगणकाचा वेळ जास्त लागतो, पण असमान क्षेत्रासाठी उतावीळपणे लिहिलेल्या सरक-पदाने लागलेला दोष हुडकण्यात जाणारा वेळ त्याहून मोठा असतो.

लक्षण चौथे : घर्षण वाढवले की दर वाढतो

हे पाहून अनेक जण प्रोग्रॅम पुन्हा लिहायला घेतात, आणि तसे करण्याची गरज नसते. क्षेत्र प्रबळ असताना हे वर्तन खरे आहे. वरच्या समीकरणात अ शून्य ठेवून च बराच मोठा घेतला तर वाढीचा दर साधारणपणे ग गुणिले म चा वर्ग, भागिले (ग चा वर्ग अधिक च चा वर्ग वजा म चा वर्ग) असा येतो. ग लहान असताना तो ग च्या प्रमाणात वाढतो, ग चा वर्ग हा च आणि म यांच्या वर्गांच्या फरकाइतका झाला की शिखर गाठतो, आणि त्यानंतर नेहमीप्रमाणे घटू लागतो. घर्षण पूर्ण काढून टाकले आणि च म पेक्षा मोठा असेल, तर सपाट माथ्यावरचा कण खाली उतरतच नाही. तो लहान गिरक्या घेत उताराला आडवा, समान ऊर्जेच्या रेषेवरून वाहत जातो. खाली सरकायचे तर माध्यमाशी होणाऱ्या टकरींनीच त्याची ही वाट मोडावी लागते. पेनिंग सापळ्यात (विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांनी भारित कण कोंडून ठेवणारे उपकरण) विद्युतविभव त्रिज्येच्या दिशेने टेकडीसारखा असूनही चुंबकीय क्षेत्र कणांना धरून ठेवते ते याच कारणाने, आणि आत उरलेल्या वायूशी टकरी झाल्या की कण हळूहळू बाहेर सरकतात तेही याच कारणाने.

हे लक्षण दिसल्यास तपासणी एवढीच : ग वाढवत नेऊन शिखर दिसते का आणि ते अपेक्षित जागी येते का ते पाहावे. शिखर योग्य जागी असेल तर प्रोग्रॅम बरोबर आहे.

घर्षण फारच कमी असेल तर

वरचे सगळे विवेचन अशा कणांचे आहे, ज्यांना खळग्यात एका फेरीत औष्णिक ऊर्जेच्या तुलनेत पुरेशी ऊर्जा माध्यमाशी देवघेव करता येते. घर्षण त्याहून कमी असेल तर अडचण माथ्यावर नसते, ती आधीच असते : कणाला माथ्याइतकी ऊर्जा मिळायलाच वेळ लागतो, आणि लँगरचे सूत्र खऱ्या दरापेक्षा मोठी किंमत देते. सिम्युलेशनचा दर क्षेत्र शून्य असतानाच सूत्राच्या खाली येत असेल तर हेच घडत आहे असे समजावे. या पट्ट्यात क्षेत्राची भूमिकाही बदलते. विभव दोन दिशांत स्वतंत्र असेल तर क्षेत्राविना प्रत्येक दिशेची ऊर्जा आपापल्या जागी राहते. क्षेत्र दोन्ही दिशांना जोडते, आडव्या दिशेत साठलेली ऊर्जा ओलांडण्याच्या दिशेला उपलब्ध होऊ शकते, आणि दर क्षेत्राने वाढूही शकतो. म्हणून ‘दर वाढला म्हणजे दोष’ हा नियम कमी घर्षणात वापरू नये. तेथे गतिज तापमानाची तपासणी आणि समांतर रेषांची तपासणी याच विश्वासार्ह, आणि समांतर रेषांतही पूर्वगुणक तापमानावर थोडा अवलंबून असल्यामुळे औष्णिक ऊर्जेच्या पातळीचा फरक ग्राह्य धरावा.

दोनच खळगे असलेल्या मांडणीत आणखी एक कसोटी आहे, जी कोणत्याही घर्षणाला आणि कोणत्याही आकाराच्या विभवाला लागू पडते. क्षेत्र उलटे केल्यावर दर तोच राहिला पाहिजे, विभवात कोणतीही सममिती नसली तरीही. काळ उलटा केला की एका दिशेचा प्रवाह उलट क्षेत्रातला विरुद्ध दिशेचा प्रवाह होतो, आणि समतोलात दोन्ही दिशांचे प्रवाह समान असावेच लागतात. या दोन गोष्टी जोडल्या की ही समानता नेमकेपणाने मिळते. क्षेत्र उलटवल्यावर संख्याशास्त्रीय चुकीच्या मर्यादेपलीकडचा फरक दिसला तर चिन्हाची चूक, दिशागणिक वेगळे घातलेले यादृच्छिक बल, किंवा परिवलनाच्या पायरीत एका घटकाचा नवा व दुसऱ्याचा जुना वेग वापरला जाणे, यांपैकी काहीतरी आहे. या तिन्हींपैकी शेवटचे सर्वाधिक आढळते : वेगाचा पहिला घटक बदलून झाल्यावर तोच बदललेला घटक दुसऱ्याच्या ओळीत वापरला जातो, आणि प्रोग्रॅम कोणतीही तक्रार न करता चालत राहतो. परिवलनाआधीचे दोन्ही घटक वेगळ्या चलांत साठवून ठेवले की हा दोष उरत नाही.